मोठी घटपर्णी घरी वाढवताना

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली घटपर्णी आपल्यापैकी बहुतेकांना चित्रापुरतीच ठाऊक असते. नत्राची कमतरता असलेल्या जमिनीत वाढत असल्यामुळे ही वनस्पती कीटकांपासून नत्र मिळवते, एवढे उत्तर परीक्षेपुरते पाठ केलेले असते आणि विषय तिथेच संपतो. तीच घटपर्णी घरी आणल्यावर मात्र ध्यानात येते, की तिच्या निगराणीचे बहुतेक सगळे शास्त्र त्या एका उत्तरातच आहे. तिच्या मुळांना निकस जागेत राहण्याची सवय आहे. ज्या गोष्टींनी आपली जास्वंद किंवा मोगरा तरारून येतो, म्हणजे शेणखत, गांडूळखत, पोयट्याची माती, तांदळाचे धुवण, त्याच गोष्टींनी घटपर्णीची मुळे जळतात. म्हणून तिला काय द्यावे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, काय देऊ नये हे या लेखात सांगितले आहे.

हा धडा मी माझे पहिले रोप गमावून शिकले. रोपवाटिकेतून आणलेले ते रोप लाल माती आणि शेणखतात लावलेले होते, आणि आमच्या इमारतीत त्या काळात बोअरवेलचे पाणी येत असे. पहिल्या महिन्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग पानांच्या टोकांपुढे वाढणाऱ्या तणाव्यांची टोके एकेक करून वाळली, आणि झाड सुकते आहे असे समजून मी पाणी वाढवत गेले. दोन महिन्यांत सगळे संपले. आज ठाण्यातल्या माझ्या पूर्वेकडच्या गॅलरीत जी घटपर्णी आहे, तिचा सर्वांत मोठा घट, म्हणजे पानाच्या टोकाला लोंबणारा कीटकांचा सापळा, मी शिवणकामाच्या टेपने मोजला तेव्हा २७ सेंटिमीटर भरला. तिला सहा वर्षांत मातीचा एक कणही दिलेला नाही.

कोणते रोप घ्यावे

घटपर्णीच्या नेपेंथिस या प्रजातीत दीडशेहून अधिक जाती आहेत. पश्चिमेला मादागास्कर आणि सेशेल्स, मध्ये श्रीलंका, आणि पूर्वेला बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स, न्यू गिनीपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत त्या पसरलेल्या आहेत. भारतात रानात आढळणारी जात एकच, ती म्हणजे मेघालयातील नेपेंथिस खासियाना. गारो लोक तिला मेमंग-कोकसी, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. महाराष्ट्रात घटपर्णी रानात वाढत नाही. आपल्या सड्यांवर आणि कास पठारावर पावसाळ्यात दिसणारे दवबिंदू आणि सीतेची आसवे याही कीटकभक्षीच वनस्पती आहेत, आणि त्यांनीही ही वाट धरली ती जांभ्या खडकावरच्या नत्रहीन, पाणथळ मातीमुळेच. पण त्यांचे कूळ वेगळे आणि त्यांची निगाही वेगळी.

रोप निवडताना पहिला प्रश्न आकाराचा नसून रात्रीच्या तापमानाचा असतो. उंच डोंगरांवरच्या जातींना दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री १० ते १५ अंश सेल्सिअस तापमान लागते. सखल जंगलातल्या जातींना दिवसा ३० अंशांच्या आसपासची ऊब आणि रात्रीही २० अंशांच्या वरचे तापमान मानवते. सगळ्यांत मोठ्या घटांची म्हणून प्रसिद्ध असलेली नेपेंथिस राजा ही बोर्निओतल्या किनाबालू पर्वतपरिसरातली जात आहे. ह्यू लो यांनी ती १८५८ साली गोळा केली आणि पुढच्याच वर्षी जोसेफ हूकर यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या एका घटात साडेतीन लिटर पाणी मावल्याची नोंद आहे. तिची छायाचित्रे पाहून मोह होतो, परंतु मुंबईतल्या रात्री तिला सोसत नाहीत, आणि रोज रात्री थंडावा देणारी पेटी बांधण्याची तयारी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा येथे राहणाऱ्यांनी मिरांडा या नावाने विकली जाणारी मिश्रजात घ्यावी. हिरव्या अंगावर तांबडे ठिपके, ओठावर लाल-पिवळे पट्टे, आणि झाड रुळले की तीस सेंटिमीटरच्या घरात जाणारे घट, असे तिचे रूप असते. ती उष्णता सोसते आणि एखादी चूक पोटात घालते. फिलिपिन्समधील मिंडानाओ बेटावरची ट्रंकाटा हीदेखील भव्य जात आहे. पानाचे टोक कात्रीने कापल्यासारखे असल्यामुळे ती लगेच ओळखू येते. तिचा सखल भागातला प्रकारच मागून घ्यावा. ती सावकाश वाढते, त्यामुळे धीर हवा. पुणे, नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळ्यातल्या रात्री थंड असतात, तिथे व्हेंट्राटा ही मिश्रजात सर्वांत चिवट ठरते, मात्र तिचे घट मिरांडाइतके मोठे होत नाहीत.

रोप ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत झाडाच्या लहानशा तुकड्यापासून) किंवा छाट कलमाने तयार केलेलेच घ्यावे. खासियाना ही जात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक निर्बंध आहेत. जंगलातून उपटून आणलेले झाड स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये, कारण आपण पैसे मोजले की दुसरे झाड उपटले जाते.

पाणी

या झाडाच्या बाबतीत इतर सगळे चुकले तरी दुरुस्त करता येते, पाणी चुकले की दुरुस्तीला वाव राहत नाही. पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात, मुळे हळूहळू जळतात, आणि वर लक्षण दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. त्यामुळे रोपाच्या आधी एक टीडीएस मीटर विकत घ्यावा. पेनाच्या आकाराचे हे उपकरण पाण्यात बुडवले की विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवते. घटपर्णीसाठी हा आकडा ५० च्या खाली असणे उत्तम. १०० पर्यंत काही दिवस चालवून घेता येते. त्यावरचे पाणी देऊ नये. बोअरवेलचा आणि टँकरचा आकडा पुष्कळदा कित्येक शेकड्यांत जातो. तलावातून येणारे नळाचे पाणी बरेच मऊ असू शकते, पण अंदाजावर न राहता मोजूनच ठरवावे, आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजावे.

घरातल्या आरओ शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरायचे असेल तर एक गोष्ट तपासावी. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बऱ्याच यंत्रांमध्ये क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते, त्यामुळे आरओचे पाणी म्हणजे क्षारमुक्त पाणी असे गृहीत धरता येत नाही. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची आणि हवा धुऊन निघू द्यावी, मग उघड्यावर स्वच्छ बादल्या ठेवून पाणी धरावे आणि वीस लिटरच्या कॅनमध्ये झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावे. मी दर पावसाळ्यात असे आठ कॅन भरते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्यातही क्षार कमी असतात, परंतु ते धातूच्या नळ्यांवरची धूळ आणि बुरशी धुऊन येते, म्हणून मी ते वापरत नाही.

पाणी वरून, सगळ्या कुंडीत भिनेल आणि खालून निथळेल इतके घालावे. कुंडीत मातीऐवजी भरलेल्या शेवाळाचा वरचा रंग फिकट होऊ लागला, बोट लावल्यावर ओलावा जेमतेम जाणवला, की पुन्हा पाणी द्यायची वेळ झाली. एप्रिल-मेमध्ये ते रोज लागते, पावसाळी हवेत एक दिवसाआड पुरते, थंडीत दोन-तीन दिवसांनी. कुंडी पाण्याच्या ताटलीत बुडवून ठेवण्याची पद्धत दवबिंदूसाठी योग्य आहे, घटपर्णीसाठी नाही. तिच्या मुळांना ओलावा हवा तशी हवाही हवी. शिवाय ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. निथळलेले पाणी लगेच फेकावे, आणि पावसाने भरलेले जुने घटही आठवड्याला एकदा डोकावून पाहावेत.

कुंडी आणि भरण

माती नको, हे पुन्हा सांगते. मी दोन भाग स्फॅग्नम शेवाळ, दोन भाग नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे आणि एक भाग परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) असे मिश्रण वापरते. ऑर्किड वाढवणाऱ्यांकडे हे सगळे मिळते. सोडणाच्या तुकड्यांत मीठ असते, विशेषतः किनाऱ्यालगतच्या मालात, म्हणून ते बादलीत चोवीस तास भिजत घालावेत, पाणी फेकावे, आणि फेकायच्या पाण्याचा आकडा मीटरवर खाली येईपर्यंत असे तीन-चार वेळा करावे. पहिल्या धुण्याचे पाणी काळ्या चहासारखे निघते. तयार कोकोपीटच्या विटा या कामासाठी मला पसंत नाहीत, कारण त्यांचा भुसा बारीक असतो आणि वर्षभरात दबून घट्ट होतो.

कुंडी प्लास्टिकची, भरपूर भोकांची घ्यावी. मातीची कुंडी दिसायला सुंदर असते, पण तिच्या अंगात क्षार धरून राहतात. लहान रोपाला बारा सेंटिमीटर व्यासाची कुंडी पुरते. पूर्ण वाढलेल्या मिरांडाला वीस ते पंचवीस सेंटिमीटरची लागते. तिचे एकेक पान हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचे होते आणि त्याच्या टोकाचा घट खाली लोंबतो, त्यामुळे कुंडी टांगलेली किंवा उंच स्टुलावर ठेवलेली बरी. जमिनीवर ठेवल्यास घट फरशीवर टेकून वाकडे होतात.

उजेड, दमटपणा आणि ऊन

सकाळचे दोन ते चार तास कोवळे ऊन आणि उरलेला दिवस भरपूर उजेड, ही या झाडाची आवडती जागा. म्हणून पूर्वेची गॅलरी उत्तम. दक्षिण किंवा पश्चिमेची असेल तर पन्नास टक्के सावली देणारे शेडनेट लावावे. पुरेसा उजेड मिळतो की नाही, हे झाडच सांगते. पाने गडद हिरवी, लांबलचक आणि लुळी होत असतील आणि टोकाला घट धरत नसेल, तर उजेड कमी आहे. नव्या पानावर हलकी तांबूस झाक असेल, तर बरोबर आहे. पानावर पांढुरके, कोरडे डाग पडले, तर ऊन भाजते आहे. खोलीच्या आत ठेवायचे झाल्यास बारा तास चालणारा एलईडी दिवा पानांपासून फूटभर अंतरावर लावावा. खिडकीपासून चार हात आतल्या कोपऱ्यात, कितीही शोभत असले तरी, ते झाड जगत नाही.

घट न धरण्याचे दुसरे मोठे कारण कोरडी हवा. दमटपणा साठ टक्क्यांच्या वर राहिला तर घट सहज धरतात. चाळिसाच्या खाली गेला की तणाव्याच्या टोकाचा कोंब वाढायच्या आतच काळा पडतो. किनारपट्टीवर ही अडचण क्वचितच येते. पुण्यात, विदर्भात आणि मराठवाड्यात मार्च ते मे या काळात ती हमखास येते. त्यासाठी कुंडी भिंतीच्या आडोशाला, फर्न आणि केळीवर्गातल्या मोठ्या पानांच्या झाडांच्या घोळक्यात ठेवावी, आणि वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगावे. फवाऱ्याने पानांवर पाणी मारल्याचा परिणाम अर्धा तासही टिकत नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. काही जण झाडावर प्लास्टिकची पिशवी घालतात. सावलीत, नव्या रोपासाठी पंधरा दिवस ते योग्य आहे, पण उन्हात त्या पिशवीत झाड अक्षरशः शिजते. वातानुकूलित खोली तर टाळावीच.

विदर्भातल्या चाळिशीपार उन्हाळ्यात घटपर्णी नवे घट धरणार नाही. तिला सावलीत, ओलाव्यात टिकवून धरणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे आणि पावसाची वाट पाहावी. थंडीत पारा पंधराच्या खाली जाऊ लागला की सखल भागातल्या जाती रात्री घरात घ्याव्यात.

घट कसा तयार होतो आणि त्याला काय खाऊ घालावे

पानाची मध्यशीर टोकापुढे तणाव्यासारखी लांबते आणि तिच्या शेवटी एक चपटा, लवदार कोंब दिसू लागतो. दोन-तीन आठवडे त्यात काही घडते आहे असे वाटत नाही. मग एका सकाळी तो फुगलेला दिसतो, खालची बाजू वर वळते, आणि बंद झाकणाच्या आतून, प्रकाशाकडे धरल्यास, तळाशी असलेल्या द्रवाची रेषा दिसते. झाकण अजून उघडलेलेही नसते, म्हणजे हे पावसाचे पाणी नव्हे. झाडाने ते स्वतः पाझरवलेले असते. झाकण उघडल्यावर पुढचे काही दिवस ओठ हळूहळू बाहेरच्या बाजूला वळत राहतो आणि त्यावर पट्ट्यांचा रंग चढतो. या काळात घटाला हात लावू नये आणि कुंडीची दिशा बदलू नये.

तो ओठ हाच खरा सापळा आहे. त्यावर अतिशय बारीक खोबणी असतात, आणि ओलसर झाल्यावर त्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो. माझ्या गॅलरीत कोरड्या दुपारी काळ्या मुंग्या मध चाटत ओठावरून खुशाल येरझाऱ्या घालतात. संध्याकाळी हवा दमट झाली, की त्याच मुंग्यांचे पाय त्याच जागी सुटतात. आत गेल्यावर मेणचट भिंतीवरून वर चढता येत नाही, आणि तळाच्या द्रवातले पाचकरस काम सुरू करतात.

उघड्या गॅलरीतल्या झाडाला आपण काहीही भरवण्याची गरज नाही. मुंग्या, चिलटे, माश्या स्वतःहून येतात. बंद खोलीतल्या झाडाला मात्र तीन-चार आठवड्यांनी एकदा, दोन-तीन घटांत मिळून, एकेक मेलेली माशी किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या माशांच्या खाद्याचे एक-दोन दाणे टाकावेत. मांसाचे तुकडे, पनीर, अंडे, दूध यांपैकी काहीही घालू नये. ते पचण्याआधी सडते आणि त्याबरोबर घटही सडतो. घरी आलेल्या मुलांना घटात काहीतरी टाकून पाहण्याची ओढ असते, ती मला समजते, म्हणून त्यांच्यासाठी मी मेलेल्या माश्या एका डबीत ठेवते. कुंडीच्या मिश्रणात खत घालू नये. घटातला द्रव ओतून टाकू नये. कुंडी कलंडून तो सांडलाच, तर घटाच्या पाव भागापर्यंत शुद्ध पाणी भरावे.

नवे रोप कुरिअरने आले, की त्याचे जुने घट बहुधा वाळतातच. त्यावरून झाड मेले असे समजू नये. नवे पान येत असेल तर झाड ठीक आहे, आणि नव्या जागेतला पहिला घट धरायला दोन महिनेही लागतात. जुना घट झाकणाकडून तपकिरी होत खाली वाळत जातो. वाळलेला भाग तेवढा कात्रीने कापावा, पान हिरवे असेपर्यंत ठेवावे, कारण झाडाचे अन्न तेच तयार करते.

कीड, कुंडीबदल आणि छाटणी

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा. कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा आणि आठवडाभर रोज पाहणी करावी. कोवळी पाने सुरकुतत असतील तर मावा किंवा फुलकिडे असतात. रासायनिक कीटकनाशक मारायची वेळ आलीच, तर अर्ध्या तीव्रतेने आणि उन्हे उतरल्यावर मारावे, आणि घटांची तोंडे आधी झाकावीत.

दोन वर्षांनी मिश्रण कुजून दबते, तेव्हा कुंडी बदलावी. आपल्याकडे जूनचा दुसरा पंधरवडा याला उत्तम, कारण हवा दमट झालेली असते. घटपर्णीची मुळे काळी, केसांसारखी बारीक आणि ठिसूळ असतात. काळी म्हणजे कुजलेली, असा समज करून पुष्कळ जण निरोगी मुळे कापून टाकतात. कुजलेले मूळ चिमटीत दाबल्यावर लिबलिबीत लागते, निरोगी मूळ तारेसारखे लागते. मुळे झटकू नयेत, धुऊ नयेत. जुना गोळा शक्य तेवढा तसाच उचलून नव्या मिश्रणात बसवावा आणि महिनाभर सावलीत ठेवावे.

तीन-चार वर्षांनी झाड वेलासारखे वर चढू लागते आणि त्याचे घटही निमुळते, लहान होतात. मोठे, जाडजूड घट पुन्हा हवे असतील, तर बुंध्याला नवी फूट आलेली पाहून वेल छाटावा. छाटलेल्या वेलाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत, प्रत्येक पान अर्धे कापावे, खालचे टोक तिरके कापून ओल्या स्फॅग्नममध्ये उभे करावे, आणि सावलीत, सैल पिशवीखाली ठेवावे. एक ते तीन महिन्यांत पेरातला डोळा फुटतो. या काळात तुकडा उपटून मूळ आले का हे पाहू नये. नव्या फुटीचे दुसरे पान आले, पिशवी दिवसेंदिवस थोडी उघडत नेली, आणि अंगठ्याएवढा पहिला घट धरला, की ते रोप स्वतंत्र कुंडीत लावायला किंवा कोणाला द्यायला तयार झाले. देताना त्याबरोबर पावसाच्या पाण्याची एक बाटलीही द्यावी.